बहिणीच्या माघारी ऑटिझम असलेला भाचा आजीकडे वाढतोय, त्याला पुण्याला आणू का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, कारण माझं उत्तर तुमच्या घरच्या परिस्थितीलाच धरून आहे. बहीण 2 वर्षांपूर्वी वारली, ती पुण्यात कंपनीत होती, पीएफ कापला जायचा. दाजींनी दुसरं लग्न केलं, भांडण काही नाही पण मुलाकडे बघतही नाहीत. भाचा 8 वर्षांचा, ऑटिझमचं निदान झालेलं, बोलणं जवळपास नाहीच. बार्शी तालुक्यात गावी तुमच्या आईजवळ राहतो, घरात भाऊ-वहिनी आणि त्यांची दोन मुलं. आईचे गुडघे गेलेत, बीपीची गोळी चालू आहे. आणि तुम्ही विचारताय की त्याला पुण्याला आणून चांगल्या थेरपी सेंटरला घालू का, दत्तक घेऊ का, सरकारकडून काही मिळतं का.

मी विशेष शिक्षक आहे, बरीच वर्षं याच पट्ट्यात काम करते आणि आजी, मामा, मावशी, काका सांभाळतात अशी मुलं माझ्याकडे कायम असतात. कुणाची आई गेलेली असते, कुणाचे आईवडील दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात ते थेट गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात आणि तोवर मूल आजीच्या गळ्यात, कुणाच्या आईचं दुसरीकडे लग्न लावून दिलेलं. त्यामुळे सरळ सांगते, थेरपी सेंटरचा विचार सगळ्यात शेवटी करा. आधी आईचं बघा, मग कागदपत्रं बघा. आज त्या मुलाला काय हवंय, काय दुखतंय हे ओळखणारं एकच माणूस आहे आणि ते माणूस थकलंय. ती अंथरुणाला खिळली तर पुण्यातलं कितीही भारी सेंटर असू द्या, मुलगा पहिल्या दिवसापासून मागे जायला सुरुवात करेल.

सगळ्यात आधी एक करा, पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा दोन दिवस नुसतं बसून बघा की 24 तासांत त्याचं कोण काय काय करतं. सगळेच म्हणतात आजी सांभाळते. पण रात्री अंथरूण ओलं झालं तर चादरी कोण धुतं? त्याला वरणभातात मोहरी दिसली की ताट सारतो, मग परत वेगळं कोण करून देतं? तो गेटमधून पळाला तर मागे कोण धावतं, आईचे गुडघे तर गेलेत. माझ्या अनुभवात यातलं निम्मं काम घरची सून करते आणि तिचं नाव कुणीच घेत नाही. तुमची वहिनी स्वतःची दोन मुलं बघून हे करत असणार. तिच्याशी आधी बोला, फोनवर नाही, समोर बसून, आणि सूचना द्यायला नाही तर विचारायला. पुण्यातून फोन करून "त्याला मोबाईल देऊ नका, साखर देऊ नका, रोज अर्धा तास अॅक्टिव्हिटी घ्या" असं सांगणारी नणंद झालात की संपलंच, मग तिच्यासाठी ते मूल ओझं होतं. तुमच्या भावानेही यात ठरवून काहीतरी उचलायला पाहिजे. "मी आहेच की, कधीही सांगा" हे कामाचं नाही. रविवारी सकाळी आंघोळ, जेवण, फिरवणं भावाकडे, हे ठरलं म्हणजे ठरलं. आईला आठवड्यातले काही तास पूर्ण मोकळे मिळाले पाहिजेत, मग ती बार्शीला भगवंताच्या दर्शनाला जाऊ दे नाहीतर नुसती झोपू दे. तुम्ही पैसे पाठवत असाल तर त्यातले थोडे यासाठीच ठेवा, की गावातली एखादी ओळखीची बाई दुपारी दोन तास येऊन बसेल. आईच्या बीपीच्या गोळ्या आणि गुडघ्यांची तपासणी हाही मुलाच्याच उपचाराचा भाग समजा, मी तर तसंच समजते.

आता वही. एक साधी दोनशे पानी वही घ्या आणि आईला विचारून विचारून त्यात मुलाच्या खुणा लिहून काढा. माझ्याकडच्या एका आजीने सांगितलं होतं की पोरगं माझ्या पदराचं टोक ओढतं तेव्हा त्याला तहान लागलेली असते, आणि पदर तोंडात घालून चावतं तेव्हा पोट दुखत असतं. हे त्या घरात दुसऱ्या कुणालाच माहिती नव्हतं, मुलाच्या मामालासुद्धा नाही, आणि आजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेली तेव्हा दोन दिवस मूल चावत होतं आणि सगळे त्याला रागावत होते. तुमच्या भाच्याच्या अशा कितीतरी खुणा असतील. कुठल्या आवाजाला घाबरतो, मिक्सर की ट्रॅक्टर, झोपायला काय लागतं, कुठला शर्ट अंगाला टोचतो, औषधं कुठली आणि किती, आधी काय रिअॅक्शन आली होती. आई लिहीत नसेल तर तिला बोलायला लावा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा, नंतर तुम्ही लिहा. उद्या शाळा बदलली, डॉक्टर बदलले, मूल पुण्याला आलं, काहीही झालं तरी ही वही सोबत जाते. मी कुठल्याही रिपोर्टआधी ही वही मागते.

सर्टिफिकेटचं सांगते कारण इथे आजी लोकांचं नेहमी नुकसान होतं. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) दोन्हीचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर एकत्रच होतो, मग सरकारी हॉस्पिटलला तपासणी. 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे, आणि बहुतेक लाभांसाठी 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व लागतं. ऑटिझमच्या तपासणीत डॉक्टर मुलाला बघतातच पण सांभाळणाऱ्याला बरंच विचारतात. आणि होतं काय, डॉक्टर विचारतात "स्वतः जेवतो का?" आजी म्हणते "जेवतो की". आता खरं काय असतं, तर आजी घास करते, त्याच्या हातात देते, हाताला धरून तोंडाशी नेते, मग तो खातो. "शी-शू सांगतो का?" "सांगतो की." म्हणजे आजीला त्याच्या चेहऱ्यावरून कळतं आणि ती त्याला उचलून नेते. ती खोटं बोलत नाही, तिला ते करणं इतकं अंगवळणी पडलंय की ते वेगळं काम आहे हेच तिला जाणवत नाही, शिवाय चार लोकांत नातवाला कमी लेखायचं नसतं. त्यात टक्के कमी लागतात आणि पुढचं सगळं अडकतं. म्हणून जायच्या आदल्या दिवशी सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत कुठल्या कामात मदत लागली ते एका कागदावर लिहून न्या, मदतीशिवाय काय होतं आणि मदतीने काय होतं हे वेगवेगळं. आणि सोबत आईच पाहिजे, तुम्ही एकट्या नेऊ नका. मुलांचं सर्टिफिकेट बऱ्याचदा ठराविक मुदतीचं असतं, त्यावरची तारीख बघून ठेवा.

आता दाजी. ते भांडत नाहीत ही तुमच्यासाठी फार मोठी सोय आहे आणि ती आहे तोवर कामं उरकून घ्या. कायद्याने आज मुलाचे नैसर्गिक पालक तेच आहेत, आजी नाही, मावशी तर नाहीच. त्यांच्याकडून नोटरी केलेलं संमतीपत्र घ्या की मुलगा आजीकडे राहतो, शाळा, हॉस्पिटल, प्रमाणपत्र, योजनांचे अर्ज याबाबत आजीने आणि तिला जमलं नाही तर मावशीने निर्णय घ्यायला माझी हरकत नाही. सोबत त्यांच्या आधारची झेरॉक्स सहीसकट. यामुळे आजी कायदेशीर पालक होत नाही हे लक्षात ठेवा, पण शाळेत आणि दवाखान्यात रोजची अडवणूक थांबते. पुढे ते फिरले किंवा मुलाच्या नावावरच्या पैशांचा विषय आला तर मात्र 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयातून पालकत्व घ्यावं लागेल, मूल जिथे राहतं तिथल्या जिल्ह्यात.

दाजींकडून आणखी एक माहिती काढा, आणि हे मी मुद्दाम सविस्तर लिहितेय कारण नव्वद टक्के घरात हे सुटतं. बहिणीचा पीएफ होता म्हणजे बहुतेक पीएफसोबतची ईपीएस 95 ची पेन्शनही होती. सभासद नोकरीत असताना वारला तर जोडीदाराला पेन्शन आणि मुलांना वेगळी पेन्शन असते. जोडीदाराने दुसरं लग्न केलं की त्याची पेन्शन बंद होते, आणि अशा वेळी मुलांना अनाथ पेन्शनच्या दराने मिळते, तो दर जास्त आहे, महिना किमान 750. साधारण ही 25 वयापर्यंत असते, पण मूल कायमचं आणि पूर्ण अपंग असेल तर वयाची अट नाही, आयुष्यभर मिळते. 750 रुपये वाचून तुम्ही म्हणाल एवढ्यासाठी कोण खेटे घालणार. पण बहिणीच्या पगारावर आणि नोकरीच्या वर्षांवर रक्कम जास्तही निघू शकते, आणि आईवडिलांच्या माघारी 50 वर्षांच्या माणसालाही दर महिन्याला खात्यात येणारी ही रक्कम आहे, हा विचार करा. फॉर्म 10डी भरायचा, तिचा यूएएन (पीएफचा कायमचा नंबर), मृत्यू दाखला, मुलाचा जन्म दाखला, अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि पालकत्वाचे कागद लागतात. त्याच वेळी पीएफसोबतच्या ईडीएलआय विम्याचं विचारा, नोकरीत असताना मृत्यू झाला तर 7 लाखांपर्यंत रक्कम असते, ती कुणी काढली, नॉमिनी कोण होतं ते कळलं पाहिजे. हे सगळं दाजींना दोष न देता विचारा. बऱ्याच वेळा त्यांनाही माहिती नसतं.

सरकारी योजनांत तुमच्या केसला सगळ्यात जुळणारी म्हणजे क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. आई किंवा वडील एक जण गेलेलं, किंवा पालक सांभाळू शकत नाहीत अशा 18 वर्षांखालच्या मुलांना महिना 2250 रुपये, 2023 मध्ये 1100 वरून वाढवले. सोलापूरला जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसला अर्ज, मग घरी येऊन चौकशी, मग बालकल्याण समितीपुढे मुलाला घेऊन हजर राहायचं. मृत्यू दाखला, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, बँक पासबुक, आणि घरासमोर मुलासोबत सांभाळणाऱ्याचा फोटो. तो फोटो तुमच्या आईसोबतच काढा, तुम्ही सोबत उभ्या राहू नका, नाहीतर मूल नक्की कुठे राहतं यावर प्रश्न येतात. समितीला आधी सांगून ठेवा की मूल ऑटिझमचं आहे, बाहेर तासन्‌तास बसवता येणार नाही. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेतून महिना 4000 ची प्रायोजकत्व योजना आहे, नातेवाईकांकडे राहणारी पूर्ण अनाथ मुलं त्यात स्पष्ट बसतात, उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला 72 हजार. वडील हयात असल्याने तुमचं बालसंगोपनमध्ये सोपं जाईल, आणि दोन्ही एकदम घेता येत नाहीत. तहसीलला संजय गांधी निराधारचं विचारा, दिव्यांग मुलंही त्यात घेतात. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, ग्रामसेवकाला लेखी अर्ज द्या, तोंडी विचारलं तर काही होत नाही.

निरामय हा आरोग्य विमा केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा आहे, वर्षाला 1 लाखापर्यंत, आधी मेडिकल तपासणी नाही, ऑटिझम त्यात आहे आणि थेरपीचा खर्चही ठराविक मर्यादेत मिळतो. फी अगदी थोडी. दरवर्षी रिन्यू करायला विसरतात लोक, हे काम तुम्ही पुण्यात बसून स्वतःकडे घ्या. खरं तर सगळी ऑनलाईन कामं, फोन करणं, फाईल जपणं हे तुमच्याकडे पाहिजे. लांब राहणाऱ्या मावशीचा यात सगळ्यात जास्त उपयोग होतो, आईला स्क्रीनशॉट पाठवून "हे भर" म्हणण्यात काही अर्थ नाही. इन्कम टॅक्सचं कुणी सुचवलं असेल तर ते सोडा, 80डीडीची, म्हणजे दिव्यांग अवलंबितासाठीची वजावट नवरा-बायको, मुलं, आईवडील, भाऊ-बहीण यांच्यासाठी आहे, भाचा-नातू त्यात बसत नाहीत. मला हे अन्यायाचं वाटतं, पण आज कायदा तसा आहे.

शाळेचं काय चाललंय ते तुम्ही लिहिलं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत नाव असेल तर मुख्याध्यापकांना विचारा की यूडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाईन नोंदीत, त्याची नोंद दिव्यांग विद्यार्थी म्हणून झालीय का. नोंदच नसेल तर प्रवास भत्ता नाही, मदतनीस भत्ता नाही आणि तालुक्याच्या गट साधन केंद्राचे विशेष शिक्षकही त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. शाळेत बसणं अजिबात जमत नसेल तर गृहाधारित शिक्षणाची सोय आहे. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, "आमच्याकडे अशी मुलं घेत नाही" हे कुणी म्हणालं तर लेखी मागा.

थेरपी म्हणाल तर महिन्यातून एकदा सोलापूरला नेलंत, तिथे घरी करायचं शिकून घेतलंत तरी या वयात पुष्कळ होतं. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा, 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि पैसे लागत नाहीत. एसटीला दिव्यांग कार्डावर त्याला 75 टक्के सवलत आहे, आईला महिला म्हणून अर्धं तिकीट आहेच. आणि घरी आईने वेगळा "सेशन" घेऊ नये, तिच्याकडून ते होणारही नाही. तिच्या रोजच्या कामात त्याला घ्यावं. शेंगा फोडणं, लसूण सोलणं, कणीक तिंबणं, पाण्याचा छोटा तांब्या उचलून तुळशीला घालणं, वाळलेले कपडे दोरीवरून काढणं. बोटांना काम, अंगाला जोर, आणि "आता हे झालं, मग ते" हा क्रम, सगळं त्यात आलं. एका वेळी एकच काम, महिनाभर तेच. बोलण्यासाठी त्याच्या रोजच्या दहाबारा वस्तूंचे, माणसांचे फोटो मोबाईलवर काढून प्रिंट करा, पाणी, भाकरी, संडास, बाहेर, आजी, मामा, आणि हवं ते दाखवायला शिकवा. फोटो दाखवायची सवय लागली की बोलणार नाही ही भीती घरोघरी असते, ती खरी नाही, मुलांचं बोलणं त्याने थांबत नाही.

तुम्ही लिहिलंय की वर्षभरात चावणं आणि रात्री उठून बसणं वाढलंय, "ऑटिझम वाढला" असं गावात म्हणतात. त्याची आई गेलीय ताई. तो बोलत नाही म्हणून त्याला दुःख होत नाही असं नाही. घरात त्याला काय सांगितलंय? "आई गावाला गेली" सांगितलं असेल तर तो अजून वाट बघत असेल, कुणी गाडीतून उतरलं की बघत असेल. आईचा फोटो दाखवून, छोट्या सरळ वाक्यात सांगा, आई वारली, आता येणार नाही, आजी तुझ्याजवळ आहे. एकदा सांगून भागणार नाही, बऱ्याच वेळा सांगावं लागेल, त्याच शब्दात. बहिणीची एखादी ओढणी, साडी असेल तर त्याच्याजवळ राहू द्या. आणि हे सांगताना तुमच्या आईच्या जवळ दुसरं कुणी असू द्या, तिचीही मुलगी गेलीय आणि या पोराच्या मागे धावताना तिला रडायला वेळ मिळालेला नाही. चावण्याचं एक कारण दातदुखी किंवा कानदुखीही असतं, तेही एकदा डॉक्टरांना दाखवा.

पुण्याला आणायचं का? माझं मत, आत्ता नाही. तुमच्या आईपासून तोडून तर कधीच नाही. मे महिन्यात आई आणि तो दोघांना दोनतीन आठवडे तुमच्याकडे आणून बघा, फ्लॅटमध्ये, लिफ्टमध्ये, ट्रॅफिकच्या आवाजात त्याचं कसं होतं आणि आईचं मन रमतं का. तुम्ही नोकरीला गेल्यावर दिवसभर कोण, याचं उत्तर नसेल तर गावचं अंगण आणि ओळखीची माणसं त्याच्यासाठी जास्त चांगली. पण पुढे कधीतरी तुमच्याकडे यायची वेळ येणारच असं धरून चाला आणि आतापासून त्याला तुमची सवय लावा, दर महिन्याला ठरलेल्या दिवशी जाणं, तोच डबा, तेच गाणं.

दत्तकाची घाई नको. बाल न्याय कायद्यात मावशी नातेवाईक म्हणून दत्तक घेऊ शकते, कारा या केंद्राच्या दत्तक संस्थेच्या पोर्टलवरून अर्ज होतो, दाजींची संमती लागते आणि सप्टेंबर 2022 पासून आदेश जिल्हाधिकारी देतात. पण दत्तकाने मुलाचं कायदेशीर कुटुंबच बदलतं, वडिलांकडच्या पुढच्या वारसाहक्कावर आणि कदाचित पेन्शनवर परिणाम होतो, म्हणून पेन्शनचं मार्गी लागल्यावर वकिलाशी बोलून ठरवा. 18 पूर्ण झाल्यावर ऑटिझमसाठी नॅशनल ट्रस्ट कायदा 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडून पालकत्व मिळतं, नातेवाईक अर्ज करू शकतो, कोर्टात जावं लागत नाही. तेव्हा आईचं वय पंच्याहत्तरीच्या पुढे असेल, म्हणून नाव तुमचं किंवा भावाचं लागेल हे आत्ताच घरात बोलून ठेवा, आणि वहिनीला त्या बोलण्यात बसवा. आईच्या मनात शेताचा तुकडा नातवाच्या नावावर करायचं असेल तर थेट नावावर करण्याआधी वकिलाकडून ट्रस्ट किंवा मृत्युपत्राचं समजून घ्या.

एक राहिलं. त्याला फिट येतात का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. ऑटिझमच्या बऱ्याच मुलांना येतात. येत असतील आणि गोळी चालू असेल तर घरात सगळ्यांना बजावून सांगा की ती कुणाच्याही सांगण्यावरून एकदम बंद करायची नाही. आईला देवाला न्यायचं असेल, अंगारा लावायचा असेल तर लावू द्या, त्यावरून तिच्याशी वाद घालू नका, फक्त गोळी चुकता कामा नये. फिट येत असतील तर किती दिवसांनी, झोपेत की जागेपणी, आणि कुठलं औषध चालू आहे ते लिहा, मग झोपेच्या तक्रारीबद्दल नीट सांगता येईल.